तिसरीच्या भरगच्च वर्गात एडीएचडी असलेलं मूल: बाईंनी काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अनुदानित मराठी शाळेत तिसरीचा वर्ग, पटावर 48 मुलं, मदतीला कुणी नाही. त्यातला एक मुलगा सतत जागेवरून उठतो, उत्तरं ओरडून सांगतो, शेजाऱ्याची पेन्सिल ओढतो आणि वहीत तारखेच्या पुढे सरकत नाही. तोंडी विचारलं तर त्याला बरंच येतं. आई म्हणते, 'घरी मोबाइल दिला की दोन तास हलत नाही, म्हणजे शाळेतच काहीतरी बिघडतंय.' इतर पालक त्याला दुसऱ्या तुकडीत टाका म्हणून मागे लागले आहेत. डॉक्टरांनी एडीएचडीची (लक्ष टिकवणं आणि स्वतःची हालचाल, उतावीळपणा आवरणं अवघड जाण्याची अवस्था) शक्यता सांगून पुढच्या तपासणीला पाठवलंय, पण नंबर लागायला वेळ आहे. तोवर मी वर्गात काय करू, असं तुम्ही विचारलंय.

तपासणीची वाट न बघता उद्यापासून सुरुवात करा. वर्गात करायच्या बहुतेक गोष्टींना निदानाचा कागद लागत नाही आणि समजा पुढे एडीएचडी नाही असं ठरलं, तरी त्यांनी कुणाचं नुकसान होत नाही. मी विशेष शिक्षक म्हणून अशाच मोठ्या पटाच्या मराठी शाळांमध्ये काम करत आलो आहे. त्यामुळे वीस मुलांच्या वर्गात आणि मदतनीस बाई असतानाच जमतील अशा सूचना तुम्हाला देणार नाही.

मधल्या सुट्टीत त्याला जवळ बोलावून शांतपणे विचारा, 'बाई शिकवत असताना कसं वागायचं असतं?' हात वर करायचा, मधे बोलायचं नाही, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, असे सगळे नियम तो घडाघडा म्हणून दाखवेल. पुढच्याच तासाला त्यातले तीन मोडेल. तुम्हाला वाटेल, हा मुद्दाम करतो. तसं नसतं. नियम त्याला ठाऊक असतात, पण ऐन वेळी स्वतःला आवरायची जी ताकद लागते ती त्याच्यात उशिरा तयार होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं घेऊन 2007 मध्ये एक निष्कर्ष मांडला. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी कमाल पातळीला पोचण्याचं मधलं वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षं होतं, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच, फक्त उशिराने, आणि सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथून आपण स्वतःला थांबवतो, कामाचा क्रम लावतो. म्हणजे तुमच्या वर्गातला आठ वर्षांचा मुलगा बुद्धीने तिसरीतला असेल, पण स्वतःला आवरण्यात बालवाडी-पहिलीच्या मुलासारखा असू शकतो. त्याच्याकडून अपेक्षा ठेवताना हे धरून चाला.

यातूनच माझ्या कामातला सगळ्यात उपयोगी नियम निघतो: मदत त्या क्षणी आणि त्या जागी. सकाळी परिपाठानंतर पाच मिनिटं समजावलेलं दुपारच्या गणिताच्या तासाला त्याच्या कामी येत नाही. संध्याकाळी आईजवळ केलेली तक्रार तर त्याहून कमी. बाकावर चिकटवलेली चिठ्ठी, जवळून जाताना वहीवर टेकवलेलं बोट, त्याच मिनिटाला मिळालेली शाबासकी, या गोष्टी कामी येतात. पुढचं सगळं याच नियमाचं तपशीलवार रूप आहे.

मोबाइलचं आईंना सांगा, कारण हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. एडीएचडी म्हणजे लक्ष अजिबात नसणं, असा समज आहे. प्रत्यक्षात लक्ष हवं तिथे नेणं आणि कंटाळवाण्या कामावर टिकवणं त्याला जमत नाही. खेळात दर दोन सेकंदाला काहीतरी हलतं, वाजतं, गुण मिळतात, त्यामुळे त्याला स्वतःचा जोर लावावाच लागत नाही. शुद्धलेखनाच्या वहीत बक्षीस कुठे असतं? आठवड्याने बाईंच्या लाल सहीत. इतकं लांबचं फळ त्याला दिसतच नाही. तेव्हा मोबाइलवर शांत बसणं हा एडीएचडी नसल्याचा पुरावा नाही, आणि मोबाइलमुळेच एडीएचडी झाला असंही नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. पालकसभेला आलेले वडील 'मीही लहानपणी असाच होतो' असं म्हणाले, तर ती माहिती म्हणून नोंदवा. गोड खाल्ल्याने मूल चंचल होतं हेही घरोघरी ऐकू येतं. तपासण्यांत त्याला आधार मिळालेला नाही.

आता वर्गाकडे वळू. एकच बदल करायचा असेल तर त्याचं फळ्यावरून उतरवून घेणं कमी करा. आपल्या शाळांत मुलांचा किती वेळ यात जातो ते एक दिवस घड्याळ लावून बघा. या मुलासाठी ते सगळ्यात अवघड काम आहे. मान वर करायची, चार शब्द डोक्यात धरायचे, मान खाली घालायची, वहीतली ओळ शोधायची, जोडाक्षर आठवायचं, लिहायचं, पुन्हा मान वर आणि मघाचं ठिकाण शोधायचं. दर फेरीत त्याचं लक्ष निसटायला एक नवी फट मिळते. तिसऱ्या फेरीत तो खिडकीबाहेर असतो, आणि आपण शेरा लिहितो, 'लेखन अपूर्ण'. गणित येतं की नाही हे तपासायचं असेल तर उदाहरणं चिठ्ठीवर लिहून द्या किंवा पुस्तकातच खुणा करून द्या. त्याने फक्त उत्तर काढावं. स्वाध्याय त्याने नीट उतरवलाच पाहिजे असं वाटत असेल, तर दोन ओळी त्याच्या, बाकी शेजाऱ्याच्या वहीची झेरॉक्स.

कामाचं माप अर्धं करा. इतरांना दहा गणितं, त्याला पाच, पण ती पाच पूर्ण. अर्धवट सोडलेल्या दहापेक्षा पूर्ण झालेली पाच त्याला पुढच्या दिवसासाठी बळ देतात. तीही एकदम नकोत. पान दुमडून दोनच गणितं दिसतील असं करा आणि सांगा, 'ही दोन झाली की मला आणून दाखव.' या एका वाक्यात तीन कामं होतात. त्याला उठायला मिळतं, काम कुठे संपतं ते दिसतं आणि शाबासकी लगेच मिळते. 48 मुलांत हे रोज प्रत्येक तासाला जमणार नाही. गणित आणि मराठीच्या लेखनाला जमवा, बाकीचे तास तूर्त सोडून द्या.

सूचना देतानाची आपली सवय आठवा: 'वह्या काढा, तारीख घाला, समास आखा, पान 34 वरचं तिसरं उदाहरण सोडवा आणि झालं की हाताची घडी घाला.' एका दमात पाच सूचना. त्याच्याकडे पहिली पोचते, कधी शेवटची. एक सूचना द्या, वर्गाने ती केली की दुसरी. फळ्याच्या कोपऱ्यात 1 वही, 2 तारीख, 3 समास असं लिहून ठेवलं तर तोंडाने पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही, आणि वर्गातल्या आणखी सात-आठ जणांची सोय होते. ती कोण ते तुम्हाला आपोआप कळेल. सूचना सगळ्या वर्गाला देऊन झाली की त्याच्या बाकाजवळ जा आणि 'आता काय करायचंय?' एवढंच विचारा. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की काम सुरू व्हायची शक्यता बरीच वाढते.

बसवायचं कुठे? पुढे, हे सगळेच सांगतात. मी म्हणेन पहिल्या-दुसऱ्या बाकावर, पण भिंतीकडच्या कडेला. तो उभा राहून लिहू लागला तरी मागच्यांचा फळा झाकला जात नाही. उभं राहून लिहू द्या, त्यात काही बिघडत नाही. दार, खिडकी आणि तुमचं टेबल या तिन्हींपासून लांब. टेबलाजवळ दिवसभर वह्या तपासून घेणाऱ्यांची वर्दळ असते, तिथे त्याला बसवणं म्हणजे बाजारात बसवणं. शेजारी शांत, न चिडणारं मूल हवं, पण दोन-तीन आठवड्यांनी शेजारी बदला. एकाच मुलीवर वर्षभर ही जबाबदारी टाकणं तिच्यावर अन्याय आहे, आणि असं सहसा मुलीच्याच वाट्याला येतं. त्याला एकटं मात्र बसवू नका. एकटा बाक ही सगळ्या शाळेला दिसणारी शिक्षा असते.

हालचालीची त्याला गरज आहे, तेव्हा ती रोखण्यापेक्षा तिला काम द्या. फळा पुसणं, वह्या वाटणं, हजेरीपत्रक कार्यालयात पोचवणं. वेळ मात्र तुम्ही निवडा. त्याचा पाय हलायला लागला, पेन्सिल वाजायला लागली की तेव्हाच काम सांगा. तो उठून दोन बाक ओलांडून गेल्यावर काम दिलंत तर ते उठण्याचं बक्षीस ठरतं. आणि मधली सुट्टी कधीही कापू नका. लेखन राहिलं म्हणून सुट्टीत बसवलेला मुलगा दुपारचे तास आणखी अवघड करतो, त्याला आणि तुम्हालाही.

आता ज्याने सगळ्यात जास्त फरक पडताना मी पाहिलाय ते: रोजचं नोंद कार्ड. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या. त्यावर तीनच गोष्टी, त्याही 'काय करायचं' या भाषेत. 'दिलेली दोन गणितं पूर्ण केली.' 'हात वर करून बोललो.' 'माझे हात माझ्याजवळ ठेवले.' 'मस्ती केली नाही', 'शहाण्यासारखा वागलो' असलं काही नको, कारण ते मोजता येत नाही. समोर तासांचे रकाने. तास संपला की जाता जाता बरोबरची खूण करा, नाहीतर रकाना मोकळा सोडा. फुली नको. पहिल्या आठवड्यात लक्ष्य इतकं सोपं ठेवा की दिवसातल्या दहापैकी सात-आठ खुणा मिळाल्याच पाहिजेत. इथेच बहुतेक कार्डं मरतात. आपण सुरुवातीलाच आदर्श विद्यार्थ्याचं माप लावतो, दोन दिवस कार्ड कोरं जातं आणि तिसऱ्या दिवशी ते दप्तरातून हरवतं. आधी जिंकण्याची चव लागू द्या, मग माप हळूहळू वाढवा.

कार्ड घरी जातं आणि ठरलेल्या खुणा असतील तर त्याच संध्याकाळी ठरलेली गोष्ट मिळते. पैसे लागत नाहीत. बाबांबरोबर दहा मिनिटं क्रिकेट, झोपताना एक जास्तीची गोष्ट, उद्याच्या डब्यात काय हवं ते त्याने ठरवणं. रविवारची सहल किंवा वार्षिक परीक्षेनंतरची सायकल चालणार नाही. इतकं लांबचं फळ त्याला खेचत नाही. घरच्यांना एक गोष्ट बजावून सांगा: खुणा कमी आल्या तर ती गोष्ट त्या दिवशी मिळणार नाही, एवढंच. त्यावर ओरडा, टोमणे, मार काही नाही. आणि त्या कार्डावर तुम्हीही तक्रार लिहू नका. तक्रार असेल तर वेगळी बोला. कार्ड घरी दाखवायला त्याला भीती वाटली की उपाय संपला. काही आठवड्यांनी बक्षिसाचं नावीन्य जातं आणि खुणा घसरतात. तेव्हा 'आता हेही चालेना' म्हणून सोडून देऊ नका, बक्षीस बदला.

शाबासकीत नेमकेपणा ठेवा. नुसत्या 'छान'ने त्याला काही कळत नाही. 'आज दोन्ही गणितं जागेवर बसून केलीस' यातून नेमकं काय पुन्हा करायचं ते कळतं. रागवायचं असेल तर जवळ जाऊन, हळू आवाजात, चार शब्दांत. लांबून सगळ्यांसमोर त्याचं नाव पुकारणं थांबवा. यामागे माझं एक ठाम मत आहे. वर्गातली मुलं एखाद्याशी कशी वागायची हे बाईंच्या सुरावरून ठरवतात. दिवसातून तीस वेळा एकच नाव चिडक्या सुरात ऐकू आलं, की महिन्याभरात जे पडेल, हरवेल, सांडेल ते त्याच्या नावावर जमा होतं. घरी जाऊन तेच सांगितलं जातं आणि मग इतर पालक तुमच्या दारात येतात. तुकडी बदलण्याची मागणी बऱ्याचदा इथून सुरू होते. त्या पालकांशी बोलताना त्याच्या निदानाबद्दल, औषधाबद्दल अवाक्षरही काढू नका. 'तुमच्या मुलीला त्रास होऊ नये याची व्यवस्था मी केली आहे, बसण्याची जागा बदलली आहे, पुढच्या आठवड्यात मला पुन्हा सांगा' एवढं पुरतं. आणि ती व्यवस्था खरंच करा. मार खाणाऱ्या मुलाचं दुःखही खरं असतं.

वर्गातली मुलं विचारतील, 'त्यालाच पाच गणितं का?' सरळ सांगा, 'ज्याला ज्यात अवघड जातं त्यात मी मदत करते. तुला पाढ्यांना लागली तर तुलाही करीन.' तिसरीतल्या मुलांना हे पटतं.

तो भडकला, वही भिरकावली, कुणाला ढकललं, तर त्या क्षणी न्यायनिवाडा करू नका. 'का केलंस?' याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. दोघांना वेगळं करा, पाणी प्यायला पाठवा, पाच-सात मिनिटं जाऊ द्या, मग बोला. ढकललं त्याची भरपाई करायला लावा. पडलेल्या वह्या त्याने उचलून द्यायच्या, मित्राला विचारायचं की लागलं का. उठाबशा, कान धरून उभं करणं, वर्गाबाहेर काढणं यांनी काही सुधारत नाही, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाईच आहे.

तपासणीच्या वेळी डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांना तुमच्याकडून जे हवं असतं ते तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. निदानाच्या निकषांत लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, बारा वर्षांच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. शाळेचा भाग तुम्ही लिहून द्या. 'फार त्रास देतो' असं नको. 'मराठीच्या 35 मिनिटांच्या तासात 9 वेळा उठला, सहापैकी दोन ओळी लिहिल्या, तोंडी चार प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली' असं हवं. दोन आठवड्यांच्या अशा नोंदी जाडजूड अहवालापेक्षा उपयोगी पडतात.

त्याची जन्मतारीखही बघा. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण, हा निकष आहे. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच वर्गात बसतात, वयात जवळजवळ वर्षाचा फरक. अनेक देशांतल्या अभ्यासांत वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो असं दिसलंय. तो डिसेंबरचा असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. ऐकू नीट येतं का, दिसतं का, रात्री झोप किती होते, घोरतो का, हेही पालकांना तपासून घ्यायला सांगा. बोलता बोलता काही सेकंद टक लावून गप्प होतो आणि हाक मारून भानावर येत नाही, असं तुम्हाला दिसलं तर ते न चुकता कळवा; तो फिटचा एक प्रकार असू शकतो. घरात भांडणं, मारहाण, नुकताच झालेला मृत्यू, यांनीही मूल असंच विस्कटतं.

त्याला तोंडी येतं आणि लिहिता येत नाही, असं तुम्ही म्हणालात. यामागे फक्त एडीएचडी असेल असं गृहीत धरू नका. एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी अडचण, असणं खूपदा आढळतं, आणि तिची तपासणी वेगळी असते. व्यवहारातही हा फरक महत्त्वाचा आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं नाव आहे, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. पुढे दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर मिळतात. त्यामुळे ही तपासणी नववीपर्यंत लांबवू नये.

मदत कुठे मिळेल? समग्र शिक्षा या सरकारी योजनेअंतर्गत गट किंवा शहर साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. केंद्रप्रमुखांमार्फत त्यांची भेट मागा, लेखी मागा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्याच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. पथक शाळेत येईल त्या दिवशी उंची-वजनाच्या रांगेत हा मुलगा हरवू देऊ नका, तुमच्या नोंदी घेऊन स्वतः बोला. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. मुंबईत असाल तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक बऱ्याच वर्षांपासून आहे.

औषधाचा निर्णय डॉक्टर आणि पालकांचा. 'द्या' किंवा 'देऊ नका', यातलं काहीही शाळेने म्हणू नये. पण औषध सुरू झालं तर तुमची नजर फार मोलाची आहे. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या नेहमीच्या औषधाचा परिणाम काही तासांपुरता असतो. सकाळचे तास नीट आणि दुपारी पुन्हा गडबड, असं दिसलं तर वेळेसह लिहून द्या. या औषधाने भूक मंदावते. पोषण आहाराची खिचडी तो तशीच टाकून देत असेल, किंवा फार गप्प, निस्तेज वाटत असेल तर आईला त्याच दिवशी सांगा. आणि औषध चालू झालं म्हणून कार्ड, अर्धी गणितं, जागा यातलं काही बंद करू नका. औषधाने लक्ष टिकू लागतं, राहिलेलं लेखन आणि तुटलेली मैत्री त्याने भरून येत नाही.

एक विनंती. हे सगळं करताना मागच्या बाकांवर एकदा नजर टाका. न उठणारी, न बोलणारी, वहीच्या कडेला नक्षी काढत बसणारी, डबा-पट्टी-स्वेटर रोज विसरणारी एखादी मुलगी तिथे असेल. तिची तक्रार कुणीच करत नाही, म्हणून 'स्वप्नाळू आहे' एवढं म्हणून तिची वर्षं निघून जातात. एडीएचडीचा हा शांत प्रकारही तितकाच खरा आहे आणि फळ्यावरून कमी उतरवणं, एकावेळी एक सूचना, पान दुमडून दोनच गणितं, हे तिलाही लागू पडतं.

सुरुवातीला सगळं एकदम करायला जाऊ नका, दमून जाल. पहिल्या आठवड्यात जागा आणि फळ्यावरचं लेखन. दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना बोलावून कार्ड ठरवा, त्या भेटीत आधी त्याच्या दोन चांगल्या गोष्टी सांगा. बाकीचं त्यानंतर. आणि एप्रिलमध्ये चौथीच्या शिक्षकांसाठी एक पान लिहून ठेवा: कुठे बसवल्यावर जमलं, किती काम पेलतं, कोणतं बक्षीस चाललं, कशाने भडकतो, कशाने शांत होतो. नाहीतर जूनमध्ये नव्या वर्गात सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.